एमयूएनला पहिल्यांदा जाताय? वक्तृत्वाची ढाल घरी ठेवा

केळापूर तालुक्यातल्या अकरावीच्या एका मुलीचा प्रश्न आहे: "मॅडम, दिवाळीनंतर नागपूरच्या एका कॉलेजात एमयूएन आहे. सरांनी माझं अन् माझ्या मैत्रिणीचं नाव टाकलं. वक्तृत्वात माझा जिल्ह्यात दुसरा नंबर आहे, पण इंग्रजी कच्चं आहे. मोबाईलवर नियम पाहिले तं डोकं गरगरलं. तिथं बोलायचं कसं, वागायचं कसं? अन् नियम चुकला तं लोकं हसतीन का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते. एमयूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या लुटुपुटूच्या सभेत, नियम चुकला तर कोणी हसत नाही. चेअर, म्हणजे अध्यक्षपदी बसलेली व्यक्ती, चूक सुधारते आणि सभा पुढे जाते. अडचण दुसरीच आहे, आणि ती ऐकून तुला थोडा राग येईल. जिल्ह्यातला तुझा तो दुसरा नंबर तिथं आडवा येणार आहे.

आमच्या ज्युनिअर कॉलेजातली पोरं घेऊन मी नऊ वर्षं नागपूर, वर्धा, अमरावतीला जाते. आपल्याकडची मुलं इंग्रजीमुळे मार खातात असं सगळे म्हणतात. मागच्या खुर्चीवर बसून मला तसं दिसलं नाही. ती मार खातात वक्तृत्वामुळे. मिळतात साठ सेकंद. त्यातले पंधरा 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग' याच्या इंग्रजी भाषांतरात जातात, दहा एका शेरात. मग आवाज चढतो, हात वर जातो आणि टेबलावर ठोका पडतो: दहा सेकंद उरले. मुद्दा अजून उंबऱ्याबाहेरच. वक्तृत्वात परीक्षकाला जिंकायचं असतं. इथं समोर बसलेल्या तीस-चाळीस जणांनी तुझ्या ठरावाच्या कागदावर सही करायला हवी. आवाजाच्या चढउतारावर कोणी सही करत नाही.

म्हणून तयारीला बसशील तेव्हा स्नेहसंमेलनाचा मंच विसर आणि ग्रामसभा आठव. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेली असशीलच. गणपूर्ती लागते: १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. विषयपत्रिका असते, अध्यक्ष असतो, ठरावाला सूचक आणि अनुमोदक असतात. एमयूएनचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. आणि गावातला ठराव खरा कुठं ठरतो, हेही तुला माहीत आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी पानठेल्यावर चार जण उभे राहतात, तिथं. एमयूएनमधल्या त्या पानठेल्याला 'अनमॉड' म्हणतात, म्हणजे अनमॉडरेटेड कॉकस, खुर्च्या सोडून मोकळं बोलायची वेळ. त्याच्याकडे पुढे येते.

एमयूएनचं पूर्ण नाव मॉडेल युनायटेड नेशन्स. संयुक्त राष्ट्र संघ २४ ऑक्टोबर १९४५ ला अस्तित्वात आला, पण हा खेळ त्याच्याही आधीचा. अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी १९२० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्सच्या, अशाच खोट्या सभा भरवत. आज संघाचे १९३ सदस्य देश आहेत, आणि त्यातल्या एकाचं नाव लिहिलेली पाटी तुझ्यासमोर असेल. तिला तिथं प्लॅकार्ड म्हणतात. बोलायचं असेल तर तीच वर करायची, हात नाही.

त्या पाटीवरचं नाव नीट वाच. अर्धे शिष्टाचार तिथूनच निघतात.

चार वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला जागतिक व्यापार संघटनेच्या समितीत अमेरिका मिळाली. विषय कापसाची सबसिडी. घरी सात एकर पऱ्हाटी, आणि खरेदी केंद्राच्या रांगेत बापानं थंडीत काढलेल्या रात्री हिनं पाहिलेल्या. कागद वाचले तर अमेरिकेची भूमिका अशी: नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं जिनिव्यात मांडलं होतं की भारत कापसाला देत असलेला आधार विकसनशील देशांसाठीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेच्या फार वर जातो आणि भारत तो कमी करून दाखवतो. म्हणजे हमीभावाविरुद्ध बोलायचं. पोरगी माझ्यासमोर बसून रडकुंडीला आली. "मॅडम, मी असं बोलली तं बाबा मले घरात घेतीन का?"

मी तिला म्हटलं, बाबांना बरोबर घेऊनच तयारी कर. बाबांचा अमेरिकेवर जो जो राग आहे तो सगळा लिहून काढ, कारण समोरचे तुला तेच विचारणार. त्यात भर घातली ती कागदपत्रांची. अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझीलनं २००२ मध्ये तक्रार केली आणि जिंकली. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे पश्चिम-मध्य आफ्रिकेतले चार कापूसवाले देश २००३ पासून सांगत आले आहेत की श्रीमंत देशांच्या अनुदानानं भाव पडतात आणि मरण आमचं होतं. म्हणजे अमेरिकेवर तीन दिशांनी मारा होणार, आणि तो कुठून कुठून येणार हे तिला आधीच ठाऊक झालं.

सभेत गंमत वेगळीच झाली. नागपूरची इंग्रजी शाळांतली मुलं फाडफाड बोलत होती, पण कापूस आणि रुई यात त्यांची गल्लत होत होती. हमीभाव सरकीसकटच्या कापसाचा. जगाच्या बाजारात भाव बोलला जातो तो रुईचा, म्हणजे जिनिंगमधून सरकी काढल्यावर उरतं त्याचा, आणि ती निघते क्विंटलमागं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एकानं कापसाच्या भावाची थेट रुईच्या भावाशी तुलना करून मोठ्या आवेशात टेबल आपटलं. हिनं पाटी वर केली, बारीक आवाजात, तुटक इंग्रजीत दोन वाक्यांत फरक सांगितला आणि बसली. त्यानंतरच्या अनमॉडमध्ये दहा-बारा जण तिच्या खुर्चीभोवती उभे. अमेरिकेची भूमिका तिनं कुठंही सोडली नाही आणि बापाचं पीकही समजावून सांगितलं.

उलटं उदाहरणही आमच्याच कॉलेजातलं. एका मुलाला पाकिस्तान मिळाला. पहिल्याच भाषणात तो भारताची बाजू घेऊन असा काही गरजला की मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली. ईबीकडून, म्हणजे चेअर आणि त्यांच्या जोडीदारांच्या एक्झिक्युटिव्ह बोर्डाकडून, चिठ्ठी आली: प्रतिनिधींनी आपल्या देशाचं परराष्ट्र धोरण मांडावं. पुढचे दोन दिवस त्याच्याशी कोणी आघाडी केली नाही. देशप्रेम कमी-जास्त असण्याचा हा मामला नाही. न्यायालयात आरोपीचा वकील आरोपीचीच बाजू मांडतो, इतकं साधं आहे. तुला नावडता देश मिळाला तर बदलून मागायच्या भानगडीत पडू नकोस. नावडत्या देशाची बाजू अभ्यासली की आपल्या बाजूतली भोकंही दिसायला लागतात.

यातूनच तो प्रसिद्ध नियम येतो: 'मी' म्हणायचं नाही. बहुतेक सभांत 'आय थिंक' म्हटलं की चेअर टोकते. 'अमेरिकेच्या प्रतिनिधींना वाटतं' असं बोलायचं. दुसऱ्यालाही 'तू' किंवा 'तो निळ्या शर्टवाला' नाही, 'ब्राझीलचे प्रतिनिधी'. आणि थेट एकमेकांशी नाही, चेअरमार्फत. पहिल्या तासात नाटकी वाटतं. पण साठ वर्षांच्या माणसाला आपण 'अहो' म्हणतो ते त्याचं वय बघून. इथं 'अहो' देशाला आहे. सभागृहात भांडलेला इराण आणि इस्राएल जेवणाच्या रांगेत एकाच ताटातले पापड खातात. तसं जमलं नाही आणि भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, तर ती मात्र खरी बेअदबी.

आता कामकाज. सकाळी हजेरी होते. देशाचं नाव घेतलं की दोनच उत्तरं: 'प्रेझेंट' किंवा 'प्रेझेंट अँड व्होटिंग'. माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पहिल्या वर्षी मला वाटलं, दुसरं उत्तर जास्त रुबाबदार. सहाही मुलांना तेच घोकून घ्यायला लावलं. त्याचा अर्थ असा की ठरावावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं, तटस्थ राहता येत नाही. आमच्या एका मुलीकडे भारत होता आणि विषय होता युक्रेनसारखाच, दोन मोठ्यांच्या भांडणातला. मतदानाला ती तटस्थ म्हणाली, चेअर म्हणाली तुम्हाला तो मार्गच नाही, आणि बिचारी गोंधळून विरोधात मत देऊन बसली. प्रत्यक्षात भारत अशा वेळी काय करतो ते बघ. २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेत रशियाविरुद्धच्या ठरावाला ११ मतं मिळाली, रशियानं नकाराधिकार वापरला आणि भारत, चीन, संयुक्त अरब अमिरात तटस्थ राहिले. २ मार्चला महासभेत १४१ विरुद्ध ५, आणि तटस्थ ३५. त्यातही भारत होता. तटस्थता ही पळवाट नाही, तीही भूमिकाच आहे. तुला देश पुरता कळेपर्यंत 'प्रेझेंट' एवढंच म्हण.

हजेरीनंतर जनरल स्पीकर्स लिस्ट उघडते, तिला सगळे जीएसएल म्हणतात. यात प्रत्येकाचं एक छोटं भाषण, साठ ते नव्वद सेकंद. एवढं एकच भाषण घरून पाठ करून ने. पहिल्या वाक्यात समस्या, दुसऱ्यात आपल्या देशाचा तिच्याशी संबंध, तिसऱ्यात आपल्याला काय हवं आहे ते. बस. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरवर सुरक्षा परिषदेत दोन दिवस मिळून जवळपास आठ तास बोलले होते, पण ती चैन तुला नाही. भाषण लवकर संपलं तर उरलेला वेळ 'यील्ड' करता येतो: प्रश्नांसाठी, दुसऱ्या देशाला, किंवा चेअरला. नवख्यांनी चेअरलाच द्यावा असं बरेच जण शिकवतात. मी उलट सांगते. विषय आला असेल तर प्रश्नांसाठी दे. दोन प्रश्न येतील, एकाचं उत्तर येणार नाही, आणि तेव्हा 'लेखी कळवते' म्हणायची सोय आहे. चिठ्ठीनं कळवायचं.

मग येतात मॉड, म्हणजे मॉडरेटेड कॉकस. एखाद्या पोटविषयावर ठरावीक वेळेची चर्चा, बोलायला प्रत्येकाला चेअर निवडते. हा प्रस्ताव मांडताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: एकूण वेळ, एका वक्त्याचा वेळ, विषय. एकूण दहा मिनिटं आणि वक्त्याला पंचेचाळीस सेकंद म्हटलं की भागाकार बसत नाही आणि चेअर कपाळाला हात लावते. आकडे आधी वहीत मांडून घे. विषय बारीक ठेव. 'कापूस आणि जागतिक व्यापार' यावर कोणीच नीट बोलू शकत नाही. 'लहान कापूस उत्पादकांना दिलेला आधार मर्यादेतून वगळावा का' यावर बोलता येतं.

आणि अनमॉड. चेअर म्हणते पंधरा मिनिटं, आणि सगळे खुर्च्या सोडून उठतात. आपली मुलं इथं काय करतात सांगू? बाटलीतलं पाणी पितात, एकमेकींजवळ जाऊन बसतात आणि 'तुला मिळालं का बोलायला?' विचारतात. अगं, भाषणं ही प्रस्तावना होती. खरं काम आता सुरू झालं. कोण कोणासोबत उभं राहतं, कोणाच्या लॅपटॉपवर ठराव टाइप होतो, कोणाचं कलम आत जातं, हे या पंधरा मिनिटांत ठरतं. लाज वाटत असेल तर एक युक्ती सांगते, माझ्या बुजऱ्या मुलांना हीच दिली आहे. जाताना दोन कलमं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून ने. घोळक्यात शिरताना 'मला काही सांगायचं आहे' म्हणू नकोस, कागद पुढं कर. लिहिण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. तयार मजकूर घेऊन आलेल्या माणसाला कोणी हाकलत नाही. मात्र कलम न्यायचं, अख्खा ठराव घरून लिहून न्यायचा नाही. काही पद्धतींत, विशेषतः युरोपातल्या हेगच्या वळणाच्या सभांत, ठराव आधीच आणतात. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती चोरी धरतात.

लुटुपुटूच्या सभेतली एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकते. मतदानात दुसऱ्या गटाला हरवणं म्हणजे विजय असं मुलांना वाटतं. न्यूयॉर्कच्या महासभेत बरेचसे ठराव मताला न टाकता, सहमतीनंच मंजूर होतात. आणि सहमती म्हणजे काय हे शिकायला न्यूयॉर्कला जायचीही गरज नाही. आपल्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात मेंढा लेखा आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचंही म्हणणं अडलं तर विषय पुन्हा चर्चेला. आधी अभ्यासगटात विषय घोळवायचा, मग सभेत निर्णय. गावातले ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा यांनी ही पद्धत कितीतरी वेळा बाहेरच्या लोकांना समजावून सांगितली आहे. एमयूएनला जायच्या आधी शक्य असेल तर अशी एखादी सभा डोळ्यांनी पाहून ये. चेअरचं पुस्तक वाचून कळणार नाही ते तिथं कळेल: नाही म्हणणाऱ्याशी कसं बोलायचं ते.

पॉइंट्सचं, म्हणजे अडचण, शंका किंवा हरकत मांडायच्या सोयींचं, फार टेन्शन घेऊ नकोस. आवाज ऐकू येत नाही, पंखा बंद आहे, बाहेर जायचं आहे: पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज. नियम कळला नाही: पार्लमेंटरी इन्क्वायरी, आणि हा नवख्यांचा हक्काचा मित्र आहे, बिनधास्त वापर. कामकाज नियमाविरुद्ध चाललं आहे: पॉइंट ऑफ ऑर्डर. आपल्याकडच्या सभांत समोरच्यानं खोटी माहिती दिली तरी पॉइंट ऑफ ऑर्डर उठवतात आणि काही पोरं त्याचं हत्यार करतात, दर दोन मिनिटांनी 'चूक, चूक, चूक'. लग्नात वाढप्याच्या चुका काढत फिरणारा एक काका असतो ना, तसं ते दिसतं. बोलणाऱ्याला मधेच हमखास तोडता येतं ते ऐकू येत नसेल तर. बाकी कशासाठी तोडायचं की नाही हे पहिल्या दिवशी ईबीला विचारून घे, कारण प्रत्येक सभेचं पुस्तक वेगळं असतं. तुझ्या निमंत्रणासोबत नियमांची जी पीडीएफ आली असेल तीच खरी. मोबाईलवर पाहिलेलं आणि मी इथं लिहिलेलंही तिच्यापुढं फिकं.

चिठ्ठ्या. सभा चालू असताना बोलता येत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून स्वयंसेवकाकडे द्यायची. वर कोणाकडून कोणाला ते देशाच्या नावानं. ईबी कोणतीही चिठ्ठी उघडून वाचू शकतं, हे लक्षात ठेवून लिही. हे तुम्हा दोघी मुलींना मुद्दाम सांगते: 'तुझा इन्स्टा दे', 'छान दिसतेस' असली चिठ्ठी आली तर लाजून पर्समध्ये लपवू नका. तशीच उचलून ईबीच्या टेबलावर ठेवा. एका ठिकाणी माझ्या विद्यार्थिनीनं दोन दिवस अशा चिठ्ठ्या गप्प बसून घेतल्या आणि परतीच्या गाडीत मला सांगितलं. नियम तिच्या बाजूनं होता, सांगितला मी नव्हता. तेव्हापासून पहिल्या सरावातच सांगते.

ठरावाचा कागद म्हणजे, मजा वाटेल, व्याकरणानं एकच वाक्य असतं. सुरुवातीला सभेचं नाव, तेच कर्ता. मग 'आठवून', 'चिंता व्यक्त करून' अशा प्रास्ताविक कलमांच्या ओळी, प्रत्येकीच्या शेवटी स्वल्पविराम. मग आकडे घातलेली कृतीची कलमं, प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम, आणि पूर्णविराम एकदाच, अगदी शेवटी. आपले तलाठी फेरफार लिहितात तसलं एका दमाचं वाक्य. क्रियापद निवडताना मात्र सांभाळ. महासभा 'आवाहन करते', 'शिफारस करते'; देशांना हुकूम सोडत नाही. 'निर्णय घेते आणि बंधन घालते' ही भाषा सुरक्षा परिषदेची. महासभेच्या समितीत बसून एखाद्या देशात सैन्य पाठवणारा ठराव दर वर्षी कोणीतरी लिहितंच. कलमात कोण करणार, पैसा कुठून, केव्हापर्यंत, हे तीन नसतील तर ते कलम म्हणजे 'जनजागृती करावी'. जनजागृती हा शब्द एमयूएनच्या ठरावांतून हद्दपार करायचा अधिकार मला मिळाला तर मी तो एका दिवसात वापरीन.

ग्रामसभेच्या सवयीनं एक गफलत होते. स्पॉन्सर म्हणजे आपला सूचक, ठराव लिहिणारा आणि त्याच्यामागं उभा राहणारा. पण सिग्नेटरी म्हणजे अनुमोदक नव्हे. सिग्नेटरीची सही एवढंच सांगते की हा कागद सभेपुढं चर्चेला यावा. तो उद्या विरोधात मत देऊ शकतो. त्यामुळे कोणी सही मागितली तर घाबरू नकोस, आणि कोणी तुझ्यावर सही केली म्हणून मत मिळालं असं धरू नकोस. दुरुस्ती सगळ्या स्पॉन्सरांना मान्य असली तर ती आपोआप आत जाते, नसली तर मताला पडते. सुरक्षा परिषदेची समिती असेल तर गणित वेगळं: १५ पैकी ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार नको.

इंग्रजीचं म्हणशील, तर आधी समिती कोणती ते बघ. देशातल्या सर्वपक्षीय बैठकीची, लोकसभेची अशी समिती असली तर हिंदी बहुतेक ठिकाणी चालतं, आणि घाबरणाऱ्या मुलांना मी पहिल्या वर्षी तिथंच टाकते. आंतरराष्ट्रीय समिती असेल तर ईबीला आदल्या दिवशी मेल करून विचार, अडलं तर एखादं वाक्य हिंदीत सांगितलेलं चालेल का. बरेच जण हो म्हणतात. खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, त्यात हिंदी नाही. तरी १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी महासभेत हिंदीतच बोलले. भाषांतराची सोय वक्त्यानं केली की दुसरी भाषा तिथं चालते. इंग्रजीत बोलायचंच असेल तर लहान वाक्यं बोल. 'बेनिन ग्रोज कॉटन. कॉटन प्राइसेस फॉल. बेनिन सफर्स.' एवढ्यावर माझ्या एका मुलानं पहिला दिवस काढला आणि त्याचं बोलणं सगळ्यांना समजलं. मोबाईलमधल्या एआयकडून भाषण लिहून आणू नकोस. वाचताना अडखळशीलच, आणि त्यातला एखादा आकडा खोटा निघाला की पॉइंट ऑफ ऑर्डरवाला काका तयारच असतो. माहिती संघाच्या स्वतःच्या अहवालांतून, त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या पानावरून घे. विकिपीडिया समजून घ्यायला ठीक, सभेत पुरावा म्हणून तो कोणी मानत नाही.

पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणारा कागद, मागितला असेल तर वेळेत पाठव, एका पानात. नाही पाठवला तर बऱ्याच ठिकाणी बक्षिसाचा विचारच होत नाही.

कपड्यांसाठी ब्लेझर विकत घ्यायचा नाही. हे ठणकावून सांगते, कारण एका पालकानं त्यासाठी उसनवारी केलेली मी पाहिली आहे. पांढरा शर्ट-काळी पँट, साधा सलवार-कुडता, साडी, काहीही चालतं, इस्त्री हवी. फीच्या रकमेत जेवण धरलं आहे का ते आधी विचारा. संध्याकाळी 'सोशल' म्हणून गाण्या-नाचाचा कार्यक्रम असतो, त्याचे पैसे वेगळे लावतात. तो सक्तीचा नसतो, आणि तिथं न गेल्यानं मार्क कापले जात नाहीत. मुक्काम नातेवाइकांकडे असेल तर सोशल सोडा आणि ठरावाचा मसुदा वाचत बसा.

तोवर गावात एक सराव करून घ्या. आम्ही पहिला सराव जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात केला, चौदा मुलं, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर देशांची नावं, हातोडीच्या जागी डस्टर. विषय घेतला होता गावाच्या तळ्यातल्या पाण्याचा, आणि प्रत्येक वाडीला एक देश केलं. लाइट गेली तरी पोरं उठली नाहीत, अंधारात पाट्या कोणाच्या वर आहेत ते दिसेना म्हणून मी मोबाईलचा टॉर्च धरून चेअरगिरी केली. तुम्ही दोघी आणि वर्गातल्या दहा जणी मिळून एक रविवार काढा. तुझ्या मैत्रिणीला तुझ्या विरोधातला देश दे. बसमध्ये नागपूरपर्यंत तीन-साडेतीन तास भांडायला मिळतील.